सातारा-सांगली प्रांतांतील सांथींचे आंकडे व गांवदफ्तरें

सन 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत सांगलीस किती माणसें दगावलीं, असा प्रश्न आम्हांस मधून मधून विचारण्यांत येतो. प्रश्न दिसण्यांत साधा आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वीं उलट विचारावें लागतें कीं, आपणांस अभिप्रेत असलेली सांगली कोणती? शहर, संस्थान, कीं जिल्हा? या तिहींची लोकसंख्या निराळी, सरहद्द निराळी, आणि मृत्यूची नोंद करणारा लेखकही निराळा. हा भेद ध्यानांत न घेतां छापील अहवालांतून आंकडे उचलणारांचे निष्कर्ष किती डळमळीत पायावर उभे असतात, हें दाखविण्याचा व त्यावर कोणतें साधन उपयोगी पडेल याची चर्चा करण्याचा या लेखाचा हेतु आहे.

सांगली जिल्हा 1918 सालीं अस्तित्वांतच नव्हता. जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे ता. 1 ऑगस्ट 1949 रोजीं झाले, आणि दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव ता. 21 नोव्हेंबर 1960 रोजीं मिळालें. तत्पूर्वीं वाळवें, तासगांव व खानापूर हे तालुके आणि शिराळें पेटा साताऱ्याच्या कलेक्टराच्या हाताखालीं होता. मिरजेच्या दोन्ही पात्या व सांगली येथें पटवर्धन, जत येथें डफळे, औंध येथें पंतप्रतिनिधि, फलटण येथें निंबाळकर, अशीं संस्थानें या प्रदेशांत एकमेकांत गुंतून बसलीं होतीं. तीं ता. 8 मार्च 1948 रोजीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत प्रत्येकाचें दफ्तर स्वतंत्र राहिलें.

त्यांतही सांगली संस्थान सलग नव्हतें. मिरजप्रांत, कुची, मंगळवेढें, तेरदाळ, शहापूर व शिरहट्टी असे त्याचे तालुके दूरवर विखुरलेले होते. यांपैकीं शहापूर हें बेळगांव शहरास इतकें लागून आहे कीं, परक्या माणसास एकाची वस्ती कोठें संपते व दुसऱ्याची कोठें सुरू होते हें कळूं नये. तेरदाळ आज बागलकोट जिल्ह्यांत, शिरहट्टी गदग जिल्ह्यांत, मंगळवेढें सोलापुराकडे आहे. तेव्हां बेळगांवच्या बाजारांतून शहापुरांत शिरलेल्या प्लेगाचा बळी सांगली संस्थानच्या बेरजेंत. आणि सांगलीच्या शेजारचा, कृष्णाकांठच्याच वाळवें तालुक्यांतला बळी मात्र साताऱ्याच्या बेरजेंत! औंध संस्थानाची गोष्टही अशीच. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ असे त्याचे चार तुकडे. पैकीं गुणदाळ विजापुराकडचें. 1910 सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं ज्या माळावर कारखाना उभारला तो कुंडलचा माळ औंधकरांचा. शिवेपलीकडचीं खेडीं इंग्रजी. उंदीर व पिसू यांस ही शीव ठाऊक नव्हती, परंतु कारकुनास ती पक्की ठाऊक होती.

आतां प्लेगाकडे वळूं. मुंबईच्या मांडवी भागांत सप्टेंबर 1896 मध्यें डॉ. व्हिएगस यांनीं हा रोग ओळखिला. शके 1818 च्या माघांत, म्हणजे ता. 4 फेब्रुवारी 1897 रोजीं, सांथीच्या रोगांचा कायदा झाला व त्याच्या आधारें घरांची झडती, रोग्यास छावणींत नेणें, घरें धुऊन काढणें, रेल्वेवर उतारूंची तपासणी, हे उपाय सुरू झाले. पुण्यांत त्याची परिणति ता. 22 जून 1897 च्या रॅंडच्या वधांत झाली, ती कथा सर्वश्रुत आहे. आम्हांस येथें प्रयोजन आहे तें या उपायांचा आंकड्यांवर काय परिणाम झाला एवढ्यापुरतें. घरांत प्लेगाचा रोगी आहे असें सांगितलें कीं माणूस छावणींत जाणार, सामानसुमान जळणार. तेव्हां तें न सांगण्याकडे लोकांचा कल असणें स्वाभाविक होतें. मृत्यूचें कारण सांगणारा घरचा माणूस, लिहून घेणारा गांवचा पाटील वा कुळकर्णी. दोघांपैकीं वैद्य कोणीच नाहीं. म्हणून प्लेगाच्या रकान्यांत जो आंकडा येई तो कमींत कमी इतका, असेंच समजलें पाहिजे. उरलेला भाग ‘ताप’ या सदराखालीं शोधावा.

खानेसुमारीवरून ही उणीव भरून काढतां येईल असें कित्येकांस वाटतें. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 1891 सालीं 12,25,989 होती, ती 1901 सालीं 11,46,559 भरली; म्हणजे दहा वर्षांत 79,430 नें घटली. हा सर्व घाटा प्लेगाच्या खातीं मांडणारे लेखक आम्ही पाहिले आहेत. परंतु याच दशकांत 1896-97 व 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ पडले. माण-खटावकडील माणसें पोटासाठीं मुंबईस गेलीं. आणि खुद्द मार्च 1901 मधील गणतीच्या वेळीं इलाख्यांतील कित्येक गांवचे लोक प्लेगाच्या भयानें घरें सोडून माळावर झोंपड्या घालून राहिले होते. अशा स्थितींत दोन गणत्यांची वजाबाकी म्हणजे मृत्यूंची संख्या नव्हे. ती घट खरी आहे, मोठी आहे, परंतु तिचे वाटे पाडण्यास गणतीचें बुक असमर्थ आहे.

मृत्यु कोठला मानावा हाही एक प्रश्नच. सावित्रीबाई फुले यांचा जन्म सातारा जिल्ह्यांतील नायगांवचा. प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्या ता. 10 मार्च 1897 रोजीं पुण्यास त्याच रोगानें वारल्या. नोंदीच्या रीतीप्रमाणें हा मृत्यु पुण्याचा होय. सातारकडील हजारों माणसें मुंबईच्या गिरण्यांतून व गोद्यांतून कामास होतीं. त्यांपैकीं जे तेथेंच गेले ते मुंबईच्या आंकड्यांत, जे आजारी होऊन घरीं पोंचले ते गांवच्या आंकड्यांत.

1918 च्या सांथीची अडचण निराळ्या प्रकारची आहे. प्लेगाचें नांव लोक लपवीत. या रोगाला नांवच नव्हतें. मुंबईस जूनमध्यें आलेली पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरांत उसळली आणि ता. 6 ऑक्टोबर 1918 रोजीं, म्हणजे शके 1840 च्या नवरात्राच्या आरंभाच्या सुमारास, एकट्या मुंबई शहरांत एका दिवसांत 768 मृत्यु नोंदले गेले. पाऊस त्या सालीं बुडालेला, धान्य महाग झालेलें. सांथ दख्खनच्या खेड्यांत पसरली तेव्हां गांवच्या नोंदणीबुकांत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार व अपघात अशीं ठराविक सदरें होतीं. इन्फ्लुएंझा त्यांत नव्हता. म्हणून या सांथीचे बहुतेक मृत्यु ‘ताप’ म्हणून लिहिले गेले. मुंबई इलाख्यांत या रोगानें दहा लाखांच्या आसपास माणसें गेलीं असा जो अंदाज आहे, तो रोग्यांची मोजदाद करून काढलेला नाहीं. मागील वर्षांच्या त्याच महिन्यांत तापानें सरासरी किती जात, आणि या वर्षीं किती गेले, यांतील अंतर काढून तो बसविलेला आहे.

ही वजाबाकीची रीत आम्हांस सर्वांत विश्वसनीय वाटते. कारण तींत रोगाच्या नांवावर भिस्त नाहीं. माणूस कशानें मेला हें सांगण्यांत लोक चुकतील वा लपवितील, परंतु प्रेत लपविणें खेड्यांत कठीण. मात्र ही रीत चालविण्यास एकाच गांवचीं निदान पांच-सात वर्षांचीं सलग बुकें हातीं असावीं लागतात, आणि तीं महिनेवार वाचावीं लागतात. इलाख्याच्या छापील अहवालांत जिल्ह्याची बेरीज मिळते, गांव मिळत नाहीं. शिवाय बेरजेंत एक दोष असा लपतो कीं, तो मूळ बुक पाहिल्यावांचून उमगत नाहीं. सांथींत गांव उठून माळावर गेला, किंवा लिहिणाराच आजारी पडला, तर त्या आठवड्यांची पानें कोरीं राहण्याचा संभव. वर पाठविलेल्या तक्त्यांत तें कोरें पान ‘मृत्यु नाहीं’ असें वाचलें जातें. म्हणजे जेथें हाहाकार अधिक तेथें आंकडा कमी, असाही प्रसंग येऊं शकतो. संशोधकानें कोऱ्या पानासही साधन मानून त्याची तारीख टिपून ठेवावी.

याच कायद्याचा या प्रांतांत पुनः अंमल झाला तो 2020 सालीं. मार्च 2020 च्या मध्यास महाराष्ट्र सरकारनें 1897 च्या कायद्याखालीं कोविडचे नियम काढले आणि महिन्याच्या अखेरीस त्या वेळीं इस्लामपूर या नांवाच्या, वाळवें तालुक्याच्या ठाण्यांत, एकमेकांपासून लागण झालेल्या रोग्यांची साखळी सांपडली. आरंभीं चार, आणि आठवड्याभरांत पंचवीसच्या घरांत. सगळ्या राज्याचें लक्ष त्या गांवाकडे लागलें. तेथें प्रत्येक रोग्याचा संबंध कोणाशीं आला हें माणूस माणूस करून शोधण्यांत आलें. जेथें साखळी अशी कडीकडीनें लिहिली जाते तेथें आंकड्याला अर्थ असतो. पुढें रोगी हजारांनीं वाढले तेव्हां ही रीत टिकणें अशक्य झालें, आणि रोज सायंकाळीं जिल्ह्याचें एक पत्रक, त्यांत तालुक्यांची यादी, इतकें हातीं उरलें.

या खेपेस आंकड्यानें एक नवें काम पत्करलें, तें पूर्वीं त्यास कधीं नव्हतें. जून 2021 पासून राज्यांतील जिल्ह्यांचे पांच स्तर करण्यांत आले. तपासलेल्यांपैकीं शेंकडा किती बाधित निघाले आणि प्राणवायूच्या खाटांपैकीं किती भरल्या, यांवरून दर आठवड्यास बाजारपेठ किती वाजेपर्यंत उघडी राहावी हें ठरूं लागलें. ता. 2 ऑगस्ट 2021 च्या आज्ञेनें बहुतेक जिल्ह्यांचे निर्बंध सैल झाले, परंतु अकरा जिल्हे मागें राहिले. त्यांत सातारा व सांगली हे दोन्ही होते. साताऱ्याच्या पेठेंतला दुकानदार व तासगांवचा बागाइतदार दोघेही या शेंकडेवारीकडे डोळे लावून बसले. ती शेंकडेवारी दोन संख्यांची आहे. शंभरांत दहा निघाले तर दहा टक्के. निरोगी माणसें गोळा करून आणखी शंभर तपासलीं, तर रोग तितकाच असून पांच टक्के. चांचण्या वाढल्या म्हणजे रोगी वाढल्याचें दिसे, आणि प्रमाण मात्र उतरल्याचें दिसे. आरटीपीसीआर किती व अँटिजेन किती, हा भेद बेरजेंत मिटे. शिवाय मिरज हें दवाखान्यांचें गांव, डॉ. वानलेस यांनीं 1894 सालीं तेथें मिशनचें इस्पितळ काढल्यापासून कर्नाटकांतले व कोल्हापुराकडचे रोगी तेथें येत आले आहेत. त्यांचा हिशेब राहत्या गांवीं धरावयाचा कीं इलाजाच्या गांवीं, हा जुना शहापूरचाच प्रश्न नव्या रूपानें पुढें आला. राज्याच्या पत्रकांत शेवटीं ‘इतर राज्यें व देश’ अशी एक ओळ असे, ती याच अडचणीची निशाणी. मागाहून दुरुस्त्याही झाल्या. ता. 16 जून 2020 रोजीं राज्याच्या मृत्युसंख्येंत पूर्वींचे 1,328 मृत्यु एकदम मिळविण्यांत आले; त्या तारखेचा उंचवटा पाहून त्या दिवशीं सांथ भडकली असें पुढचा कोणी अभ्यासक लिहील, तर त्यास दोष देतां येणार नाहीं, जर त्याला हा खुलासा सांपडला नाहीं तर.

हा खुलासा सांपडेल काय, हीच आमची चिंता आहे. जिल्हावार आंकडे स्वयंसेवकांनीं जुळवून प्रसिद्ध करण्याचा ‘कोविड-19 इंडिया’ नामक उपक्रम 31 ऑक्टोबर 2021 रोजीं थांबला. तालुकावार व गांववार पत्रकें बहुशः भ्रमणध्वनीवरून चित्ररूपानें फिरलीं, आणि यंत्र बदललें कीं तीं नाहींशीं होतात. शंभर वर्षांपूर्वींचें मोडी बुक वाळवीनें खाल्लें तरी अर्धें वाचतां येतें.

या प्रदेशाचें मागील उदाहरण बोधप्रद आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सुरू केला तो 1897 सालीं. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड निघाला तो 1898 सालीं, आणि त्यांतील पानिपतकालीन पत्रें मिळालीं तीं वाईस. म्हणजे मराठी इतिहाससंशोधनाचे हे दोन मोठे उद्योग ऐन प्लेगांत, याच दोन जिल्ह्यांच्या भूमींत, उभे राहिले. त्या थोर पुरुषांनीं दीडशें वर्षांपूर्वींचा कागद वांचविला, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोंत. त्यांच्या दाराशीं त्या वेळीं लिहिलें जात असलेलें गांवचें मृत्युबुक कोणाच्याच दृष्टीनें ऐतिहासिक नव्हतें, आणि तें स्वाभाविकही होतें.

आज तीं बुकें पुनः उघडलीं जात आहेत, परंतु वेगळ्या कारणासाठीं. सप्टेंबर 2023 मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली व कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हांपासून गांव नमुना नंबर 14, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यास एकाएकीं मोल आलें. मोडी वाचणारांस बोलावणीं येऊं लागलीं. जन्म व मृत्यु यांच्या त्या नोंदींत मिति, नांव, जात, वय व मृत्यूचें कारण असे रकाने असतात. शोधणारांचे डोळे जातीच्या रकान्यावर असतात; तें काम त्यांच्या जागीं योग्यच आहे. परंतु त्याच ओळींत दोन बोटें पुढें मृत्यूचें कारण लिहिलेलें असतें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं अशीं बुकें वा त्यांच्या प्रती असतील, किंवा ज्यांस मोडी वाचनाच्या निमित्तानें तीं हाताळण्याचा योग येत असेल, त्यांनीं शके 1818 ते 1828 व शके 1839 ते 1841 या वर्षांचीं पानें पाहतांना एवढें टिपून ठेवावें: गांव त्या वेळीं कोणत्या तालुक्यांत वा संस्थानांत होता, दर महिन्यास एकूण मृत्यु किती, पैकीं प्लेग किती, ताप किती, आणि कोरीं पानें कोणत्या मितीपासून कोणत्या मितीपर्यंत. नांवें उतरून घेण्याचें प्रयोजन नाहीं. वाळवें, तासगांव, खानापूर येथील पांच-दहा गांवें आणि शिवेपलीकडचीं औंध, मिरज वा सांगली संस्थानांतलीं तितकींच गांवें, अशीं जोडीजोडीनें मिळालीं, तर नदीच्या एका कांठच्या व दुसऱ्या कांठच्या लेखणींतला फरक प्रथमच मोजतां येईल. 2020 पासूनचीं तालुक्यांचीं पत्रकें ज्यांच्याजवळ अद्याप असतील त्यांनीं तीं कागदावर छापून, तारीख घालून, याच बुकांशेजारीं ठेवावीं.