एंजिनाच्या झडपा

मोटारीच्या एंजिनांतील झडप ही दिसावयास क्षुद्र वस्तु. दांड्याच्या टोकाशीं पोलादाची एक चकती, एवढेंच तिचें रूप. परंतु सिलिंडरचा श्वासोच्छ्वास तिच्या स्वाधीन असल्यामुळें एंजिनाची शक्ति तिच्या उघडमिटीवर अवलंबून असते.

१८८५ च्या सुमारास डाइम्लर याच्या एंजिनांत, मिश्रण आंत घेणारी झडप दट्ट्याच्या ओढीनेंच उघडत असे. एंजिन मंद चाले तोंपर्यंत हें निभावलें. वेग वाढतांच तिला वेळ साधेना, आणि तीहि कॅमच्या ताब्यांत द्यावी लागली.

पुढें १९१२ सालीं फ्रान्समधील द्येप येथील शर्यतींत प्यूजो कंपनीची ७·६ लिटरची गाडी झॉर्ज ब्वायो यानें पहिली आणली, आणि १४ लिटरच्या फियाट गाड्या मागें पडल्या. अर्नेस्ट हेन्री यानें रेखाटलेल्या या एंजिनांत प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असून त्या हालविणारे दोन कॅमशाफ्ट माथ्यावरच बसविले होते. आजच्या कित्येक मोटारींची रचना मूलतः हीच आहे.

मग सामान्य मोटारींत ही रचना रूढ होण्यास १९८० नंतरचा काळ कां उजाडावा लागला? फोर्डनें १९०८ च्या 'टी' गाडींत झडपा सिलिंडरच्या बगलेस ठेविल्या, यास मागासलेपणा म्हणण्याची चाल आहे. मला तें मत पटत नाहीं. बगलेच्या झडपेची स्प्रिंग तुटली तरी झडप दट्ट्यावर कोसळत नाहीं; माथ्याचें झांकण काढून साचलेली काजळी कोणासहि खरवडतां येते. त्या काळचें हिणकस पेट्रोल फारसा दाब सोसत नसे, हेंहि विसरतां कामा नये. अशी सुमारें दीड कोटि वाहनें १९२७ पर्यंत निघालीं. शर्यतींतल्या एका विजयाहून ही लोकसेवा हलकी कशी मानावी?

उत्तम पोलाद, चांगलें इंधन व कॅमशाफ्ट फिरविणारा स्वस्त दांतेरी पट्टा हीं साधनें जमलीं, तेव्हांच हेन्रीची कल्पना घरोघरीं पोंचली. १९८९ मध्यें होंडानें वेगानुसार झडपांची उघडमीट बदलण्याचीहि सोय केली. कल्पना एकास सुचते. तिला दिवस दाखविणारे हात मात्र अनेक असतात, व त्यांचीं नांवें बहुधा कोणी लिहून ठेवीत नाहीं.

विजेच्या मोटारीस श्वासच घ्यावा लागत नाहीं. तिच्यांत झडपांस स्थान नाहीं. शतकाहून अधिक काळ घासूनपुसून सिद्ध झालेली ही विद्या उद्यां अनावश्यक ठरेल. म्हणूनच तिची हकीकत आज सांगून ठेवावी.