श्रावणबाळाची झारी आणि पांढरे हातमोजे

आज आम्ही बंदुकीबद्दल बोलणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात बंदूक कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण लाकूडफाट्याला रानात कोण जातं? पहाटे अंधारात शिवाराकडे कोण निघतं? आपणच. शिकाऱ्याची चुकलेली गोळी लागायची तर ती अशाच माणसाला लागते. म्हणून हा इतिहास आपण ऐकायलाच हवा.

यातली सगळ्यात जुनी गोष्ट आपल्याला पाठ आहे. श्रावणबाळ आंधळ्या आईबापांसाठी पाणी आणायला नदीवर गेला. रात्रीची वेळ. झारी बुडवल्याचा आवाज आला. दशरथ राजाला वाटलं, जनावर पाण्यावर आलंय. राजा आवाजाच्या रोखानं बाण मारण्यात पटाईत होता. त्यानं बाण सोडला आणि पोरगं गेलं. राजाचं त्या पोराशी वैर नव्हतं. त्यानं फक्त डोळ्यांनी पाहिलं नाही, नुसत्या आवाजावर ठरवलं. म्हाताऱ्या आईबापांचा शाप मात्र त्याला चुकला नाही.

आता दुसरी गोष्ट, खरी आणि अलीकडची. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. सगळीकडे जंगल. तिथे नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो आणि परवाना घेऊन हजारो लोक बंदुका घेऊन रानात उतरतात. १९८८ सालच्या नोव्हेंबरमध्ये हर्मन नावाच्या गावात एक बाई आपल्या घरामागच्या परड्यात होती. नवऱ्याबरोबर त्या भागात नवीनच राहायला आलेली, जुळ्या तान्ह्या मुलींची आई. थंडी होती, म्हणून हातात पांढरे हातमोजे होते. झाडीतल्या एका शिकाऱ्यानं गोळी झाडली आणि ती बाई गेली.

तिथल्या हरणाचं शेपूट खालून पांढरं असतं. हरीण बिचकलं की शेपूट वर करतं आणि तो पांढरा रंग झाडीत चमकतो. शिकाऱ्याचं म्हणणं होतं, मला हरीणच दिसलं.

पुढे जे झालं ते ऐकून आमच्या बैठकीत सगळ्याजणी गप्प झाल्या. गावातले बरेच लोक शिकाऱ्याच्या बाजूनं बोलू लागले. शिकारीच्या दिवसांत ती बाहेर आलीच कशाला? पांढरे हातमोजे का घातले? भडक नारिंगी कपडा का नव्हता अंगावर? नारिंगी घालायचा कायदा तिथे होता खरा, पण तो शिकाऱ्यांसाठी होता. स्वतःच्या परड्यात उभ्या असलेल्या बाईसाठी नव्हता. गेली ती, आणि चूकही तिचीच निघाली! हे आपल्याला काही नवीन नाही, होय ना? आधी तर खटला चालवायलाच नकार मिळाला. नंतर तो चालला आणि १९९० मध्ये ज्यूरीनं शिकाऱ्याला निर्दोष सोडलं.

पण गोष्ट तिथेच संपली नाही. लोकांत मोठा वाद झाला आणि १९९१ साली त्या राज्यानं नवा कायदा केला. बंदूक चालवणाऱ्यानं आधी जनावर नीट ओळखलं पाहिजे. त्याचं डोकं आणि धड मधे आडोसा नसताना दिसलं पाहिजे. नुसत्या आवाजावर गोळी झाडायची नाही. आवाज आला आणि शेपटासारखं काही दिसलं, एवढ्यावरही नाही. म्हणजे दशरथाची चूक त्यांनी कायद्यातच लिहून टाकली! ‘ती तिथे का होती’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘तू नीट पाहिलंस का’ हा पुढे आला.

शिकाऱ्यांना शिकवण्याचं काम तिकडे त्याआधीपासून चालू होतं. न्यूयॉर्क राज्यानं १९४९ मध्येच नवख्या शिकाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं केलं. नारिंगी कपड्यामागचं कारणही साधं आहे. तो रंग माणसाला लांबून दिसतो, पण हरणाला हिरव्यापासून वेगळा ओळखता येत नाही.

आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शिकारही बंद झाली. तरी बंदूक गावातून गेलेली नाही. शस्त्र कायद्यात पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळायची सोय आहे. रानडुकरं एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतात, हे दुःख आम्हालाही ठाऊक आहे. पण डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. चोरून केलेल्या शिकारीत धोका दुप्पट. कुणालाच सांगितलेलं नसतं, त्यामुळे झाडीत कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं.

म्हणून आमच्या गटानं काही गोष्टी ठरवल्या आहेत. परवानगीनं बंदूक निघणार असेल, तर आदल्या दिवशी वाडीवाडीत निरोप गेला पाहिजे. त्या दिवशी त्या बाजूला कुणी जायचं नाही. एरवी अंधारात जाताना हातात बॅटरी ठेवायची, दोघीतिघींनी बोलत जायचं. घरात बंदूक असेल, तर ती रिकामी करून कुलपात आणि दारूगोळा वेगळ्या कुलपात. दारू पिऊन बंदुकीला हात लावायचा नाही, हे आपल्या घरच्या पुरुषांना आपणच सांगायचं.

आपण सावध राहू. पण बॅटरी विसरली म्हणून कुणाचा जीव जायला नको. पाहून खात्री करायची जबाबदारी बंदूकवाल्याचीच. पुढच्या ग्रामसभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. तुमच्या गावात तुम्हीही मांडा.