दारूबंदीच्या मुंबईतली एक मीटिंग

आजचा विषय लढाईचा नाही, पण सुरुवात एका फौजी माणसापासूनच करतो.

बिल विल्सन हा अमेरिकन तरुण पहिल्या महायुद्धात तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट होता. स्वभावाने बुजरा. न्यू बेडफर्डला तैनात असताना एका मेजवानीत त्याने पहिल्यांदा दारू घेतली आणि त्याचा बुजरेपणा पळाला. पुढे शेअर बाजारात त्याने पैसा कमावला आणि दारूपायी घालवलाही. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात त्याची दारू सुटली.

पाच महिन्यांनी तो कामासाठी अ‍ॅक्रन या गावी गेला. काम फसलं. हॉटेलच्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. पाय तिकडे वळण्याआधी त्याने गावातल्या चर्चना फोन लावायला सुरुवात केली: मला दारूच्या विळख्यात सापडलेला एखादा माणूस भेटवा, मला त्याच्याशी बोलायचं आहे. अशी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि काही तास बसले. उपदेश त्यांनी पुष्कळ ऐकला होता. समोरचा माणूस स्वतःची हकीकत सांगत होता, हे नवीन होतं. १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे एए, हाच आपला स्थापना दिवस मानते.

आता आपल्याकडे येऊ. दारूविरोधी चळवळ महाराष्ट्राला जुनी आहे. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. त्याला बालसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला. लष्कराच्या मेस आणि कँटीनला दिलेली सूटही टिकली.

याच दारूबंदीच्या मुंबईत १९५७ साली भारतातल्या एएची सुरुवात झाली. सरकारमान्य दुकानं बंद, तरीही या शहराला अशा मीटिंगची गरज पडली. मला यात फार मोठा धडा दिसतो. कायदा बाटली महाग करतो, लांब नेतो. पण ज्याचं शरीर आणि मन दारूला बांधलं गेलं आहे, तो ती शोधून काढतोच. अशा माणसाला त्याच वाटेने जाऊन परत आलेला सोबती लागतो. आपल्या वारकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. माळ गळ्यात पडते ती एकट्याच्या, पण ती टिकते दिंडीतल्या संगतीने.

मग नाव गुप्त का ठेवायचं? १८४० मध्ये बाल्टिमोरला सहा पिणाऱ्यांनी ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ काढली होती. ती झपाट्याने वाढली, मग जाहीर सभांत आणि राजकीय वादांत ओढली गेली आणि काही वर्षांतच विरली. एएने १९५० मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांत त्यापासूनचा बचाव दिसतो: राजकारण नाही, बाहेरची देणगी नाही, वृत्तपत्रांत नाव नाही. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने ‘मुक्तांगण’ उभारलं. उपचार घेऊन बाहेर पडलेला माणूस घरी गेल्यावर एकटा पडू नये, हा विचार तिथेही आहेच.

मी राहतो त्या बेंगळुरूत निवृत्त फौजी पुष्कळ. कँटीनचा कोटा दर महिन्याला मिळतो, रेजिमेंटची सोबत मात्र सुटलेली असते. आयटीतल्या आपल्या मुलांचंही तसंच, गाव लांब आणि घरी कळू द्यायचं नाही. त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना गाठा. इथे निम्हान्समध्ये व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर कुठूनही लागतो. मीटिंगचे पत्ते आणि वेळा एएच्या भारतीय संकेतस्थळावर मिळतात. ‘ओपन’ मीटिंगला कुणीही बसू शकतं, ‘क्लोज्ड’ फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही, पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असंही नाही. बायकोसाठी, आईवडिलांसाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. पिणारा यायला तयार नसला, तरी घरच्यांनी जावं.

याने खरंच फरक पडतो का? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, दहा हजारांहून अधिक माणसं, एकत्र तपासली. पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांना ते लागू पडतील असं नाही. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, तो काहींना खटकतो. एए म्हणते, ज्याला जसा समजेल तसा ईश्वर.

एक मीटिंग रुचली नाही तर दुसऱ्या भागातली पाहा, भाषा अडली तर ऑनलाइन मराठी मीटिंग शोधा. आणि तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर पत्ता देऊन थांबू नका. पहिल्या दिवशी दारापर्यंत त्याच्यासोबत चालत जा.

जय हिंद.