जैव गाळणी : पशुपालनातील सांडपाण्याचे नायट्रोजन निष्कासन

गोठे, वराहपालन केंद्रे इत्यादींतून बाहेर पडणाऱ्या मलमूत्रयुक्त पाण्यातील नायट्रोजन सूक्ष्मजंतूंकरवी काढून टाकण्यासाठी जैव गाळणी वापरतात. दगड, वाळू किंवा प्लॅस्टिकचे तुकडे यांच्या थरावर सूक्ष्मजंतूंचा बुळबुळीत पापुद्रा वाढतो. नाव गाळणी असले, तरी पाणी गाळले जाण्यापेक्षा त्यातील द्रव्यांचे रूपांतर होणे येथे महत्त्वाचे असते.

हे रूपांतर सजीवांमुळे घडते, हे तेओफील श्लेसिंग व आशिल म्यूंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखविले. वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून त्यांनी सांडपाणी सावकाश झिरपू दिले. पहिले सु. २० दिवस काहीच बदल झाला नाही. नंतर मात्र अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मच्या वाफेने ही क्रिया थांबली आणि मातीची निवळी घातल्यावर काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली. सर्गेई व्हिनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास हे नायट्रीकारक सूक्ष्मजंतू वेगळे केले.

तथापि नायट्रीकरणाने नायट्रोजन नाहीसा होत नाही. तो रूप बदलून पाण्यातच राहतो. विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटामुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटून त्यांचे अंग निळे पडते, हे हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील रुग्णांवरून दाखवून दिले. त्यामुळे विनायट्रीकरण ही दुसरी पायरी आवश्यक ठरली. नायट्रेटाचे वायुरूप नायट्रोजनात क्षपण करणारे सूक्ष्मजंतू यूलिस गेयाँ व गाब्रिएल द्यूपेती यांनी १८८६ मध्येच वेगळे केले होते. ही क्रिया ऑक्सिजनाच्या अभावी होते व तीस सामान्यतः कार्बनी द्रव्य लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोप-अमेरिकेत थोड्या जागेत पुष्कळ जनावरे ठेवण्याची पद्धत वाढली. त्यांच्या मूत्रातील यूरियापासून इतका अमोनिया बनतो, की तो नायट्रीकारक सूक्ष्मजंतूंनाच बाधक ठरू शकतो. शिवाय १ किग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनाच्या नायट्रीकरणास सु. ४.६ किग्रॅ. ऑक्सिजन लागतो व पाण्याची अम्लता वाढते. म्हणून नायट्रेटयुक्त पाण्याचा काही भाग ऑक्सिजनरहित कक्षात परत आणून ताज्या सांडपाण्यात मिसळतात. ताज्या पाण्यातील कार्बनी द्रव्य विनायट्रीकरणास उपयोगी पडते आणि खर्च झालेल्या अल्कधर्मितेपैकी सु. निम्मी परत मिळते.

यूरोपीय समुदायाने १९९१ मध्ये काढलेल्या निर्देशाने नायट्रेट-प्रवण प्रदेशांत पशुखतातील नायट्रोजनाची मर्यादा सामान्यतः हेक्टरी वर्षाला १७० किग्रॅ. ठरविली. त्यामुळे शेतात न मावणाऱ्या मलमूत्राचा प्रश्न तीव्र झाला. गाळणी हा त्यावरील एक उपाय होय. पण तीत पिकांना उपयोगी पडणारा नायट्रोजन हवेत जातो आणि विनायट्रीकरण अपुरे राहिल्यास नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीस कारणीभूत वायूही निसटतो. जमीन पुरेशी असेल, तेथे मलमूत्राचा खत म्हणून बेताने वापर करणेच अधिक श्रेयस्कर ठरते.