निषेध : मनाईचा शब्द, मोर्चाचा शब्द

‘तीव्र निषेध’ हे शब्द मराठी वृत्तपत्रात दिसले नाहीत असा दिवस विरळाच. सभा होते, दंडाला काळ्या फिती बांधल्या जातात, ठराव होतो आणि निषेध ‘नोंदवला’ जातो. संस्कृतात मात्र हा नाराजीचा शब्द नाही. ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘सिध्’ हा धातू यांपासून तो सिद्ध झाला (उपसर्गातील इकारामुळे ‘स’चा ‘ष’ झाला) आणि रोखणे, मनाई करणे हा त्याचा अर्थ.

मीमांसकांनी त्याला शास्त्रीय स्थान दिले. अमुक करावे असे सांगणारे वेदवाक्य म्हणजे विधी, करू नये असे सांगणारे म्हणजे निषेध. ‘कलंज खाऊ नये’ या आशयाचे वाक्य हे त्यांचे ठरलेले उदाहरण. माणसाला कृतीपूर्वीच परावृत्त करणे हे या निषेधाचे काम. घडून गेलेल्या गोष्टीवर मत देणे नव्हे. एखाद्याला ‘विधिनिषेध नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा हीच जुनी जोडी वापरत असतो. ‘निषिद्ध’ या रूपातही मूळ अर्थ शाबूत आहे.

हिंदी, बंगाली आणि नेपाळी भाषांत ‘निषेध’ आजही मनाईच आहे. म्हणूनच ‘धूम्रपान निषेध’ ही हिंदी पाटी मराठी माणसाला क्षणभर घोषणा वाटते. मराठी निषेधाला हिंदीत ‘निंदा’ किंवा ‘विरोध’ म्हणावे लागते. मराठीत ‘निंदा’ नालस्तीच्या पंक्तीला जाऊन बसली. ‘धिक्कार’ घोषणेत शोभतो, ठरावात भडक वाटतो. ती जागा निषेधाने घेतली. ‘हे करू नये’पासून ‘हे करायला नको होते’ हे अंतर तसे थोडेच. पण रोखण्याचा अधिकार असलेल्याचा शब्द त्यामुळे तो अधिकार नसलेल्याच्या तोंडी आला.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४) जमाव रोखणारा आदेश निघतो. हिंदीत तो ‘निषेधाज्ञा’, मराठीत ‘जमावबंदी’. म्हणजे हिंदीत निषेध पोलिसांच्या बाजूला, मराठीत मोर्चाच्या. हिंदी बातमी घाईने मराठीत आणणाऱ्याने ‘निषेधाज्ञा’ तशीच ठेवली, तर वाचकाला ती निषेध करण्याची आज्ञा वाटायची.