मेआत्साचा गुरू

आमच्या विक्रोळीत, कन्नमवार नगरात, पोरं इंटर मिलानची जर्सी घालून फुटबॉल खेळतात. मिलानच्या स्टेडियमला १९८० साली जुझेप्पे मेआत्साचं नाव दिलं, त्यामुळे ते नाव फुटबॉलवेड्यांच्या तोंडी असतं. पण १७ वर्षांच्या मेआत्साला इंटरच्या मुख्य संघात घेणारा प्रशिक्षक कोण होता?

आर्पाद वाइस. जन्म १८९६चा, हंगेरीतल्या एका ज्यू घरातला. डाव्या बगलेवर खेळायचा. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी हंगेरीच्या संघात होता. पुढे दुखापतीनं खेळ सुटला आणि इटलीत तो प्रशिक्षक झाला. १९३० साली त्याच्या संघानं लीग जिंकली तेव्हा त्याचं वय होतं अवघं ३४. मग बोलोन्याला १९३६ आणि १९३७ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं. १९३७मध्येच पॅरिसच्या स्पर्धेत बोलोन्यानं चेल्सीला ४-१ असं हरवलं.

१९३८मध्ये मुसोलिनीच्या सरकारनं ज्यूविरोधी कायदे केले. परदेशी ज्यूंना देश सोडायला सहा महिने दिले. वाइस बायकोमुलांना घेऊन आधी पॅरिसला, मग हॉलंडमधल्या डॉर्ड्रेख्टला गेला. तिथल्या छोट्या क्लबलाही त्यानं वर आणलं. पण मागोमाग जर्मन आले. १९४२च्या ऑगस्टमध्ये सगळ्या कुटुंबाला अटक झाली. ऑक्टोबरात बायको एलेना, १२ वर्षांचा रोबेर्तो आणि ८ वर्षांची क्लारा यांना आउश्वित्झमध्ये मारलं. वाइस तिथेच ३१ जानेवारी १९४४ रोजी गेला.

हे वाचताना मला आपले बेने इस्रायली आठवतात. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. घरात मराठी बोलणारे. त्यांच्यातलेच ज्युडा रूबेन १९६९ ते १९७७ या काळात १० कसोटींत पंच होते. त्यांनी बोट वर केलं की फलंदाज निमूट तंबूकडे निघायचा. मैदानावर वाइसचा शब्दही असाच चालत असणार. एका कायद्यानं तो थांबला.

'अंगात गुण असला की कोणी आपलं वाकडं करू शकत नाही', असं आपण मुलांना सांगतो. वाइसनं तीन विजेतेपदं मिळवून दिली, तरी तो देशाला नकोसा झाला. माणसाला माणूस म्हणून राहू देण्यासाठी आधी त्याचे गुण मोजायचे, हा हिशोबच चुकीचा आहे, असं मला वाटतं.

बोलोन्याच्या स्टेडियममध्ये त्याच्या नावाची पाटी लागली २००९ साली, मिलानला २०१२मध्ये. तोवर त्याचा संघ खेळताना पाहिलेले बहुतेक लोक हयात नव्हते.