न्हाणीघरातली दोन भोकं : बंब, चूल आणि वाऱ्याचा हिशेब

काचीगुड्यातले आमचे जुने घर पाडायला काढले, तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने मला न्हाणीघरात बोलावून नेले. भिंतीत जमिनीपासून वीतभर उंचीवर एका विटेएवढे भोक होते आणि त्याच भिंतीत वर, छताला लागून, तसेच दुसरे. "साब, ये पानी जाने का तो नै है, मोरी उधर है. फिर ये कायकू?" त्याचे म्हणणे बरोबर होते. ही भोके घर बांधताना ठेवलेली नव्हती, मागाहून पाडलेली होती. कडेचा चुना खडबडीत होता आणि वरच्या भोकाचा कोपरा तर अजून तुटकाच होता. ती का पाडली हे ठाऊक असलेला घरात आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून हे टिपण.

सुरुवात बंबापासून करावी लागेल. मंडळाच्या जुन्या सभासदांना बंब म्हणजे काय हे सांगायला नको, पण अलीकडे आपली टिपणे वाचणाऱ्यांत तरुण पुष्कळ आहेत आणि त्यांनी बंब पाहिला असेल तर हॉटेलच्या दारात, आत कुंडी ठेवलेला. तांब्याचे उभे पिंप, त्याच्या मधोमध आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाशी लोखंडी जाळी. पाणी नळीच्या भोवती आणि जळण नळीच्या आत, वरून टाकायचे. जाळीखाली राख पडायची जागा, आणि तिथेच वारा आत शिरायचे तोंड. नळीच्या माथ्यावर टोपण. एका बाजूला तोटी, दुसरीकडे पाणी ओतायचे नसराळे. जो पाणी काढेल त्याने तेवढेच गार पाणी ओतायचे, हा घराघरातला कायदा होता. कारण बंब कोरडा पडला आणि आत विस्तव असला, की सांध्यांचा डाक सुटलाच म्हणून समजा.

या रचनेत नळी हीच चूल आणि नळी हेच धुराडे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी खालच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. खालून वारा मोकळा सोडला तर बंब नुसता भडभडतो. ज्वाळा नळीच्या वरपर्यंत येतात, बघायला छान वाटते, पण अर्धी धग पाण्याला न शिवता वरून निघून जाते. नऊ माणसांच्या घरात पहाटेच्या पहिल्या आंघोळीपासून आजोबांच्या उशिराच्या आंघोळीपर्यंत पाणी कढत राहायला हवे, आणि जळण तर वखारीतून तोलून विकत आणलेले. मग वारा आवरणे आले.

आजी नांदेडकडची. आजोबांना निजामाच्या सरकारात नोकरी लागली तेव्हा ती हैदराबादला आली, आणि तिकडची जळणाची अक्कल बरोबर घेऊन आली. तिच्या बोलीत ते 'जळतण'. बंब पेटवताना खालचे तोंड आणि वरचे टोपण दोन्ही सताड उघडे. आधी करवंट्या आणि काटक्या, मग बाभळीच्या ढलप्या. ज्वाळा बसून खाली लालभडक आर जमला, की खालच्या तोंडाला ती कौलाचा तुकडा लावी, दोन बोटांची फट ठेवून. बस. त्या फटीवर आर तासनतास धुमसत राही. बाभळीचे लाकूड जड, त्याचा आर टिकाऊ. पळसासारखे हलके लाकूड आले तर "हे कागद जाळल्यासारखं आहे" म्हणून ती वखारवाल्याला चार शब्द ऐकवी, अर्थात तिच्या मराठी वळणाच्या दखनीत.

एकदा मी शहाणपणा केला. आठ-नऊ वर्षांचा असेन. पेटवल्या पेटवल्या कौल लावून मोकळा झालो, म्हणजे लाकूड जास्त वाचेल. न्हाणीघर धुराने भरले, पाणी कोमटच राहिले आणि नळीला आतून काळा चिकट कीट बसला, तो पुढे कितीतरी दिवस खरवडत होतो. यातले कारण फार पुढे कळले. लाकूड एका दमात जळत नाही. तापल्यावर त्यातून आधी वायू सुटतो आणि ज्वाळा म्हणजे तो वायू जळणे. तो संपल्यावर उरतो तो कोळसा, आणि तो ज्वाळेशिवाय जळतो. पहिल्या टप्प्यात वारा तोडला तर वायू न जळताच बाहेर पडतो. धूर म्हणजे वाया गेलेले जळणच. दुसऱ्या टप्प्यात वारा कमी केला तरच आर टिकतो. आजीला वायू-बियू काही माहीत नव्हते, पण "आधी जळू दे, मग दाब" हे तिचे वाक्य माझ्या मते पुरेसे शास्त्रीय आहे.

रात्री चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवायचे, हाही वारा आवरण्याचाच प्रकार. राख हवा अगदी झिरपत झिरपत आत सोडते. सकाळी फुंकणीने दोन फुंका मारल्या की विस्तव तयार. काडेपेटी महाग किंवा दुर्मीळ होती त्या काळात शेजारणीकडे विस्तव मागायला जाणे सर्रास चाले. राखेचा अंदाज चुकलेली बाई ती.

आता याच शहरातली एक गोष्ट, जिच्याकडे आपल्या मंडळाचे आजवर लक्ष गेलेले नाही. मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता त्या काळात, 1953 साली, हैदराबाद इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीचे डॉ. एस. पी. राजू यांनी 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' ही पुस्तिका काढली. स्वयंपाकघरातला धूर बायकांच्या डोळ्यांचे आणि छातीचे काय करतो, हा त्यामागचा कळकळीचा विषय. त्यांची चूल मातीचीच, पण आडव्या बोगद्याची. एका तोंडाशी विस्तव, त्यापुढे ओळीने भांड्यांसाठी भोके आणि शेवटी भिंतीतून वर गेलेले धुराडे. त्या धुराड्यात एक सरकती पत्र्याची पट्टी असे, तिला डॅम्पर म्हणत. पट्टी आत सरकवली की ओढ कमी, विस्तव मंद. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल निघाली तीही याच सुमाराची, पण हैदराबादची चूल जगभरच्या चूलवाल्यांनी पुढे पुन:पुन्हा उल्लेखली.

आमच्या शेजारच्या काकूंकडे अशी धुराड्याची चूल कुणीतरी घालून दिली होती. नेमकी राजूंच्या मापाची होती की गवंड्याने मनाने केली होती, हे आता सांगता येणार नाही. मला आठवते ती आजीची तिच्याबद्दलची तक्रार. "धूर जायच्या वाटेलाच दार लावलंय मेल्यांनी." काकू जळण वाचवायला पट्टी सरकवीत, तोंड मात्र उघडेच, कारण लांब लाकडे बाहेर आलेली. मग धूर जाणार कुठे? आला त्या तोंडाने परत, काकूंच्या डोळ्यांत. शेवटी काकूंनी पट्टी काढून खिडकीच्या फटीत पाचर म्हणून ठोकली.

मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. वारा दोन ठिकाणी आवरता येतो, येण्याच्या वाटेवर किंवा जाण्याच्या. येण्याची वाट अरुंद केली तर विस्तव मंदावतो आणि धुराडे उरलेला धूर ओढतच राहते. जाण्याची वाट आधी बंद केली तर धूर घरात कोंडतो. अठराव्या शतकाच्या शेवटी काऊंट रम्फर्डने चुलींचा अभ्यास केला, तेव्हा त्याने राखेच्या दारालाही झडप दिली आणि धुराड्यालाही, म्हणजे दोन्ही वाटा. पण त्याच्या चुलीला दार होते. आपल्या चुलीला तोंड असते, आणि त्यातून लाकूड वीतभर बाहेर असते. पट्टी नेमकी तिथे फसली. चूल चांगली होती आणि राजूंचा हेतू तर फारच चांगला होता, पण वारा कोण, केव्हा आणि कोणत्या हाताने आवरते हे कुणी आजीला विचारले असते तर बरे झाले असते. 1983 मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तोवर आमच्या गल्लीत गॅस आलेला होता.

आता भोकांकडे येतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीचा हिवाळा. बंब न्हाणीघरातच असे. त्या दिवशी आजोबा उशिरा येणार होते, म्हणून आत्याने खालच्या तोंडाला कौल तर लावलेच, पण धग राहावी म्हणून नळीवर टोपणही बसवले. आणि थंडी वाजते म्हणून दार-खिडकी घट्ट लावून स्वत: आंघोळीला बसली. धूर अजिबात नव्हता, म्हणून तिला काही वाटले नाही. आर धूर करत नाही. पण वारा तोडलेला आर कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नाही, रंग नाही. तांब्या पडल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. आजीने दोन हाका मारल्या, तिसरीला थांबली नाही. काकांनी खांदा देऊन कडी उखडली. आत्याला अंगणात आणून निजवले, तेव्हा तिचे ओठ विचित्र लालसर दिसत होते. ती वाचली. दोन दिवस डोके धरून बसली होती आणि पुढे जन्मभर बंद खोलीत झोपली नाही.

तिसऱ्या दिवशी आजोबांनी स्वत: पहार घेतली. आधी खालचे भोक पाडले. आजी म्हणाली, "वर पण. आलेला वारा जायला नको का?" म्हणून वरचे. नळीचे टोपण आजीने कपाटात टाकले, ते पुन्हा बंबावर बसले नाही. बंब पुढे अंगणात गेला, मग माळ्यावर, मग मोडीत.

टोपण मात्र माझ्याकडे आहे. घर पाडण्याआधी मी दोन्ही भोकांची मापे घेतली आणि फोटो काढले, ते मंडळाच्या संग्रहात दिले आहेत. सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा या भागातल्या जुन्या घरांत अशी मागाहून पाडलेली भोके आणखी कुणी पाहिली असतील तर जरूर कळवा. विशेषत: खाली एक आणि वर एक अशी जोडी असेल तर.